हे कपाटात आहेत

माणसानं कपाटात बसून ऑफिसचं काम केलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. लोक पलंगावर लोळत काम करतात, गाडी चालवता चालवता करतात, माझ्या माहितीतला एक गृहस्थ तर न्हाणीघरातून साहेबाशी बोलतो. त्यांना कुणी काही विचारत नाही. मी कपाटात बसलो तर मात्र बोभाटा. तेव्हा काय झालं ते एकदा सगळं सांगून टाकतो. अर्धवट माहिती घेऊन हसण्यापेक्षा पुरती माहिती घेऊन हसा, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी मैलापाणी विभागात आवक-जावक टेबलावर आहे. या टेबलाला कुणी मोजत नाही, आणि मीही कुणाला मोजत नाही. कारण विभागात दुसऱ्या कुणाकडे नाही ती एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती म्हणजे आवाज. कुणी निवृत्त झालं की निरोपाचं मानपत्र मीच वाचतो, आणि ज्याच्याबद्दल एरवी कुणी चांगला शब्द काढला नाही त्याच्यासाठीही लोक डोळे पुसतात. आगीची तालीम असली की ‘सर्वांनी शांतपणे खाली उतरावे’ हे मी म्हणतो, आणि सगळे खरोखर शांतपणे उतरतात. माझ्या पाठीमागे मला ‘भोंगा’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. ज्यांचा स्वतःचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत पोचत नाही, त्यांनी दुसरं काय म्हणायचं?

तर विभागानं नव्या शुद्धीकरण केंद्रावर एक माहितीपट केला. चित्रं झाली, मजकूर झाला, आणि तो वाचायचा कुणी असा प्रश्न आला. प्रश्न येण्याचं वास्तविक काही कारण नव्हतं. मी रोज साहेबांच्या दारावरून टपाल घेऊन जातो. पण आमचे साहेब म्हणाले, वाचायला कॉम्प्युटर आहे की. मजकूर घातला की पाच मिनिटांत वाचून देतो. बाईचा आवाज हवा तर बाईचा, म्हाताऱ्याचा हवा तर म्हाताऱ्याचा. रजा मागत नाही, चहा मागत नाही.

हे मला कळलं तेव्हा मी टपाल तसंच हातात घेऊन आत गेलो. आजवर बोलावल्याशिवाय मी त्या केबिनमध्ये गेलेलो नाही. मी साहेबांना म्हटलं की साहेब, यंत्राला गाळाबद्दल काय वाटणार आहे? साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आता गाळाबद्दल मला तसं काहीच वाटत नव्हतं, हे खरं. पण माणूस असल्यामुळे वाटू शकलं असतं, हा मुद्दा होता. तो मी मांडेपर्यंत साहेबांना फोन आला. फोन संपल्यावर मी अजून तिथेच उभा आहे असं पाहून ते म्हणाले, बरं, आणा वाचून. आजपासून तिसऱ्या शुक्रवारपर्यंत. आवाज स्वच्छ हवा, मागे कुत्री-मांजरं नकोत. जमलं तर शेवटी पडद्यावर ‘निवेदन’ असं लिहून तुमचं नाव टाकू, नाही जमलं तर कॉम्प्युटर आहेच.

पडद्यावर नाव. दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात माझा जन्म गेला. माझं नाव छापून आलं असेल तर फक्त बदल्यांच्या यादीत, आणि तिथेही एकदा खोडून वर दुसऱ्याचं घातलेलं होतं. मला ते नाव पडद्यावर हवं होतं. लाजायचं कशाला, अगदी मनापासून हवं होतं. आणि त्याहून जास्त, त्या यंत्राच्या नाकावर टिच्चून हवं होतं.

स्टुडिओला विभागाची मंजुरी नव्हती. म्हणजे घरीच वाचायचं, त्यासाठी मी रजा टाकली. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, समारंभांचे व्हिडिओ काढतो. त्यामुळे आवाजाचं सगळं शास्त्र आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे. तो एक मायक्रोफोन, एक स्टँड आणि कानावर चढवायची मोठी दोन कवचं घेऊन आला. घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन त्यानं एकेकदा टाळी वाजवली आणि डॉक्टरनं एक्स-रे बघून हलवावी तशी मान हलवली. खोल्या घुमतात म्हणाला. बैठकीची खोली घुमते, झोपायची घुमते, स्वयंपाकघर तर विचारूच नका. या घरात मी इतकी वर्षं राहतोय, मला कधी घुमल्याचं ऐकू आलं नाही. मग त्यानं कपड्यांचं कपाट उघडलं, आत डोकं घालून टाळी वाजवली आणि समाधानानं म्हणाला, “भाऊजी, तुम्ही इथे बसायचं.”

कपडे आवाज पितात, असं शास्त्र आहे. शास्त्र असेल, पण ते शोधून काढणारा स्वतः कधी कपाटात बसला असेल असं वाटत नाही. खालचा कप्पा काढून आत एक स्टूल ठेवलं. दारांना आतून रजया टांगल्या. गुडघे छातीशी, मानेवर बायकोचा लोकरी कोट, कपाळावर त्याच कोटाचं बटण, एका हातात कागद, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि सगळीकडे डांबराच्या गोळ्यांचा वास. अशा अवस्थेत मला प्रगत समाजाबद्दल बोलायचं होतं.

कारण मजकूर तसाच होता. तो आमच्या एका अभियंत्यानं लिहिला होता. पहिलं वाक्य असं: ‘प्रगत समाजाची अपरिहार्य निष्पत्ती असलेल्या मैलापाण्यावर प्रस्तुत प्रकल्पात पर्यावरणपूरक पद्धतीने प्रक्रिया करून प्राप्त होणारे पाणी पुनर्वापरासाठी पुरविले जाते.’ हे एका दमात म्हणून बघा. मी म्हटलं. मेहुण्यानं कानावरची कवचं ओढून काढली आणि कान चोळत बसला. प्रत्येक ‘प’ला माझ्या तोंडातून जी हवा सुटते ती मायक्रोफोनवर दगडासारखी आदळते म्हणे. आता मैलापाण्याचा मजकूर ‘प’ टाळून कसा लिहिणार? पाणीसुद्धा ‘प’नंच सुरू होतं. शेवटी पीठ चाळायच्या चाळणीवर माझा एक जुना बनियन ताणून बसवला आणि ती चाळणी तोंडासमोर टांगली. माझ्या आणि माझ्या श्रोत्यांच्या मध्ये माझाच बनियन.

‘प’ आटोक्यात आला तर इतर गोष्टी ऐकू यायला लागल्या. कागद उलटला की वादळ. स्टूल करकरतं. जीभ टाळूवरून सुटताना ‘टच’ असा आवाज होतो, तो मला जन्मात कधी ऐकू आला नव्हता, मेहुण्याला दर वाक्यात तीनदा ऐकू यायचा. एकदा तर ‘प्राथमिक गाळणी’ इथे मी अगदी रंगात आलो असताना दार उघडून तो म्हणाला, “भाऊजी, पोट बोलतंय.” मी म्हटलं, जेवून दोन घास जास्त झाले असतील. तर म्हणे, नाही, उपाशी पोटाचा आवाज आहे हा, भरल्या पोटाचा वेगळा असतो. माझ्या स्वतःच्या पोटाबद्दल मला शिकवायला हा निघाला.

एव्हाना बिल्डिंगला वास लागला होता. तो कसा लागला हेही सांगतो. दुपारी दोन ते चार शांतता राखावी अशी विनंती मी स्वच्छ अक्षरात लिहून खाली फळ्यावर लावली. काढून टाकली गेली. का, तर कमिटीच्या सहीशिवाय सूचना लावता येत नाही. सही घ्यायला गेलो तर सेक्रेटरी म्हणाले की शांततेची सूचना आहे, तेव्हा कारण लिहा. कारण लिहिलं: ‘निवेदन’. त्यांनी विचारलं, कुणाकडे करणार आहात, आमच्याविरुद्ध तर नाही ना? एवढं होऊन सूचना लागली, आणि पहिल्याच दिवशी दोनच्या ठोक्याला निम्मी बिल्डिंग आमच्या दाराशी आली. शांतता कशासाठी राखायची आहे हे विचारायला.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. ते आत येऊन बसले ते उठेचनात. पूर्वीचे निवेदक कसे होते, त्यांचे उच्चार कसे होते, बोलताना त्यांचा श्वास म्हणून ऐकू यायचा नाही, हे त्यांनी कपाटाच्या दाराशी खुर्ची टाकून मला सांगितलं. मी आत, ते बाहेर. मी वाचायचो आणि ते बाहेरून माझ्या उच्चारांना गुण द्यायचे. समोरच्या वहिनींचं लक्ष माझ्या गळ्यावर होतं. आल्याचा रस, मध, मिठाच्या गुळण्या, लवंग, गरम पाण्याची वाफ. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, म्हणून सगळं घेतलं. लवंगेनं जीभ बधिर झाली, मधानं ती टाळूला चिकटायला लागली, आणि वाफेनं मायक्रोफोनवर पाणी धरलं. मेहुणा म्हणाला की यंत्र बिघडलं तर भरपाई कोण देणार? त्या दिवशी घरात सगळ्यांना यंत्राचीच काळजी.

आणि मग तो फोन आला.

आमच्या कपाटाला मूठ फक्त बाहेरून आहे. कपडे आतून दार उघडत नाहीत, त्यामुळे आतून मुठीची गरज बनवणाऱ्याला वाटली नसावी. मेहुणा बॅटऱ्या आणायला गेला होता, मास्तर जेवायला. रजयांच्या वजनानं दार गच्च बसलेलं. नेमका त्याच वेळी ऑफिसातून साहेबांचा फोन आला आणि तो बायकोनं घेतला. माझी बायको शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. खोटं बोलणं तिला जमत नाही, आणि खरं थोडं गोल करून सांगणंही जमत नाही. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

“हे कपाटात आहेत,” ती म्हणाली.

मग साहेबांनी काहीतरी विचारलं असावं.

“नाही, नाही, तसं काही नाही. आपण होऊनच गेलेत. हो, आता बाहेर येता येत नाहीये, मध्येच दार उघडायचं नाही असं बजावलंय. आले की सांगते फोन करायला.”

मी आतून ओरडलो. पण कपडे आवाज पितात, हे शास्त्र त्याच वेळी खरं ठरलं. मेहुणा परत येईपर्यंत मी आत होतो. दुसऱ्या दिवशी रजा असूनही ऑफिसात गेलो, तर ही बातमी माझ्याआधी पोचली होती. चहावाल्यानं मला पाहिलं आणि कप खाली ठेवून बाहेर गेला, हसायला. समोरच्या वहिनींनी तर बायकोला बाजूला घेऊन भांडण विकोपाला गेलंय का, अशी चौकशी केली. संध्याकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन. ती म्हणाली, “असेल काही तर माझ्याकडे ये राहायला. पण कपाटात काय बसतोस, लहान आहेस का?” तिला मी मैलापाणी समजावून सांगायला लागलो तर ती रडायलाच लागली.

एवढा अपमान गिळून मी वाचन पुरं केलं. ते मंजुरीसाठी पाच टेबलांवरून फिरलं. आपण वाचलंय हे दिसावं म्हणून आमच्याकडे प्रत्येक टेबल एकेक शब्द बदलतं, ही जुनीच पद्धत आहे. कागदावर ठीक असतं, खोडायचं आणि वर लिहायचं. आवाजात कसं खोडणार? चौथ्या टेबलानं ‘गाळ’ बदलून ‘घन अवशेष’ केलं. गाळ सगळ्या मजकुरात पसरलेला होता. मी पुन्हा कपाटात जाऊन नुसते ‘घन अवशेष’ म्हणून आलो, पण तोवर डांबराच्या गोळ्यांनी मला सर्दी झालेली. जोडल्यावर असं वाटायचं की बाकीचं मी बोलतोय आणि घन अवशेषांची वेळ आली की कुणी तरी म्हातारा मध्ये तोंड घालतोय. सर्दी उतरेपर्यंत थांबून सगळंच पुन्हा वाचलं. तेव्हा पाचव्या टेबलानं ‘घन अवशेष’ काढून ‘गाळ’ केलं.

शुक्रवार जवळ आला. शेवटचं, निर्णायक वाचन झालं. माझ्या मते ते उत्तम होतं. मेहुण्यानं कानावर कवचं चढवून ते ऐकलं, आणि मग ती माझ्या डोक्यावर चढवली. मी ऐकलं आणि माझा चेहरा उतरला. शब्द चांगले होते. पण दर दोन शब्दांमागे कुणीतरी जिना चढून आल्यासारखं धापत होतं. तो मीच होतो. मास्तरही ऐकून म्हणाले की तेवढं सोडलं तर ठीक आहे, पूर्वीचे निवेदक मात्र. ते वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मला ते लागलं. शिपायाच्या खुर्चीत बसलो असतो, शिव्या खाल्ल्या असत्या, पण यंत्राला धाप लागत नाही आणि मला लागते, हे मी साहेबांना ऐकवणार नव्हतो. मी मेहुण्याला म्हटलं की सगळे श्वास काढ. तो म्हणाला, सगळे? मी म्हटलं, एकूण एक. वेणी घालताना बायका पांढरा केस शोधून उपटतात तसा तो रात्रभर बसून माझे श्वास उपटत होता. ओठांचे आवाज काढले, ‘टच’ काढले, दोन वाक्यांतलं अंतर सारखं केलं. सकाळी मी ऐकलं. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. काचेसारखा. बायकोला ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, छान आहे, पण मध्ये मध्ये मलाच श्वास घ्यावासा वाटला. तिला यातलं कळत नाही असं मी मनात म्हटलं.

पेन ड्राइव्ह घेऊन शुक्रवारी ऑफिसात गेलो. मी रजेवर, त्यामुळे माझ्या टेबलावर बदली कारकून. त्याला मीच शिकवून ठेवलंय. तो म्हणाला की सोबतच्या जोडपत्राला पान क्रमांक नाहीत, घेता येणार नाही. मी म्हटलं, अरे, तो आवाज आहे. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलंय, पान क्रमांक नसेल तर घ्यायचं नाही, देव आला तरी. आता मी माझाच नियम मोडायचा कसा? शेवटी पेन ड्राइव्हवर ‘पृष्ठ एकूण एक’ अशी चिठ्ठी डकवली आणि त्यानं वरून आवक शिक्का हाणला. शाई भोकात गेली. मेहुण्याला दुसरा आणावा लागला.

विभागाचा वर्धापनदिन सभागृहात होता, माहितीपट तिथेच दाखवणार होते. मी कोट घातला. बायको, मेहुणा, मास्तर, वहिनी, थोरली बहीण, सगळ्यांना घेऊन गेलो. बहीण अजून माझ्याकडे काळजीनं बघत होती. दिवे मालवले आणि माझा आवाज सुरू झाला. मी खोटं बोलणार नाही, माझे डोळे भरून आले. चारशे माणसं गप्प बसून मैलापाणी ऐकत होती. माझ्याच मैलापाण्याचा मला अभिमान वाटला, असं म्हटलं तरी चालेल. शेवटी नावं यायला लागली. मी खुर्चीत पुढे सरकलो. छायाचित्रण अमुक. संकलन तमुक. ‘निवेदन: विभागीय व्यवस्था’. दिवे लागले. मागाहून कळलं की कर्मचाऱ्याचं नाव पडद्यावर यायला पूर्वपरवानगी लागते, आणि तिचा अर्ज आवक टेबलावर पडून होता.

हेही मी गिळलं असतं. पण प्रमुख पाहुणे बोलायला उठले. मुख्यालयातले मोठे अधिकारी, म्हातारे, गोड स्वभावाचे. त्यांनी केंद्राचं कौतुक केलं, साहेबांचं केलं, आणि म्हणाले की मला सगळ्यात काय आवडलं असेल तर या विभागानं धरलेली नव्या काळाची कास. निवेदनाला यंत्राचा आवाज वापरलात. मी लक्ष देऊन ऐकत होतो, संपूर्ण माहितीपटात त्या आवाजानं एकदाही श्वास घेतला नाही, एकदाही अडखळला नाही. इतर विभागांनी हा आदर्श घ्यावा. टाळ्या झाल्या. साहेबांनी मान खाली घालून त्या घेतल्या.

मी उभा राहिलो. बायकोनं कोट ओढला, पण मी आधीच उभा होतो.

“तो आवाज माझा आहे,” मी म्हणालो.

रागाच्या भरात ते घोगरं, चिरकं असं काहीतरी बाहेर पडलं. सगळं सभागृह वळलं. मागून कुणीतरी ‘भोंगा’ म्हणालं. साहेबांनी मला हातानं बसायची खूण केली. पाहुणे मात्र हसून म्हणाले की असं असेल तर आम्हाला एखादं वाक्य ऐकवाच. मी पहिलं वाक्य म्हटलं. प्रगत समाजाची अपरिहार्य निष्पत्ती. ‘मैलापाण्यावर’पाशी दम लागला, ‘पर्यावरणपूरक’पाशी लागला, ‘पुनर्वापरासाठी’ दोन तुकड्यांत आलं. पाहुण्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फार मायेनं म्हणाले, “प्रयत्न चांगला आहे. पण खरं सांगू का, यंत्राचा आवाज जास्त नैसर्गिक वाटतो.”

सभागृह हसलं. मी तसाच उभा. बसलो तर हरलो असं वाटत होतं, आणि उभं राहून करायचं काय ते सुचत नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारून खुर्ची वाजली आणि बायको उभी राहिली. ती चारचौघांत कधी बोलत नाही.

“आवाज यांचाच आहे,” ती म्हणाली. “घरी असा नसतो, एवढंच.”

यावर तर लोकांनी खुर्च्या बडवल्या. पाहुण्यांना वाटलं, करमणुकीचा ठरवून बसवलेला प्रवेश आहे. त्यांनी आम्हा दोघांना पुष्पगुच्छ देववला. फोटो निघाला. त्या फोटोत माझं तोंड बघण्यासारखं आहे, विभागाच्या भिंतीवर लावलाय, कुणीही जाऊन बघावं.

सोमवारी मला ज्ञापन मिळालं. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात व्यत्यय आणल्याबद्दल खुलासा करा. मी खुलाशात लिहिलं की पाहुणे बोलत असताना माणसानं मध्ये बोलणं हा व्यत्यय असेल, तर माणूस बोलत असताना त्याला यंत्र म्हणणं याला काय म्हणतात ते कळवावं. दोन प्रती केल्या आणि स्वतःच्या हातानं शिक्का मारला.

उत्तर आलं नाही, साहेबांनी आत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, बदली. साहेबांनी पेपरवेट एकदा फिरवून बाजूला ठेवला. मग म्हणाले की मुख्यालयाचं पत्र आलंय. आणखी चार माहितीपट करायचेत, आणि पाहुण्यांनी स्वतः लिहिलंय की आवाज त्याच यंत्राचा हवा. कॉम्प्युटरवर करून पाठवलं, तर परत आलं. हा तो आवाज नाही म्हणतात, याच्यात तो गोडवा नाही.

मी छताकडे बघितलं. असे दिवस माणसाच्या आयुष्यात फार येत नाहीत, घाई करायची नसते. मी म्हटलं, आधी ज्ञापन मागे घ्या. घेतलं. मी म्हटलं, पडद्यावर माझं नाव टाका. साहेब एकदम केविलवाणे झाले. म्हणाले, सगळं करतो, तेवढं सोडा. नाव टाकलं तर मुख्यालय विचारणार, मग यंत्र कुठाय? गेल्या वेळच्या टाळ्यांचं काय? माझी नोकरी जाईल हो.

साहेबांनी मला ‘हो’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. पण त्यामुळे माझा राग गेला असं नाही. उलट वाढला. इतक्या खटाटोपानंतर मला माझं नाव सोडायला सांगत होते. उठून जावं असं वाटलं. हा बसू दे चार माहितीपट उरावर घेऊन. मग मला सभागृहातली ती चारशे गप्प माणसं आठवली, आणि आपलं नाव नसताना ती गप्प बसली होती हेही आठवलं. मला जे हवं होतं ते खरं तर पडद्यावर नव्हतंच. ते मीच मेहुण्याला रात्रभर बसवून उपटून टाकायला लावलं होतं.

“नाव नका टाकू,” मी म्हटलं. “पण या वेळी श्वास कापले जाणार नाहीत. एकही नाही.”

साहेब म्हणाले, अहो, मग कळेल ना माणूस आहे ते.

मी म्हटलं, “कळू द्या. कुणी विचारलं तर सांगा, यंत्र सुधारलंय.”

साहेबांचा नाइलाज होता. मेहुण्याचाही झाला, जरी तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मते मी त्याच्या कलेचा अपमान केला. मास्तरांनी खुर्ची उचलून नेली. काल दुपारी पहिल्या माहितीपटाला बसलो. कपाटाला आता आतून मूठ आहे, मीच बसवून घेतली. मायक्रोफोन सुरू झाला, दिवा लाल झाला, आणि बाहेरून बायकोनं विचारलं, “केली का सुरुवात?”

“थांब,” मी म्हटलं, “आधी श्वास घेऊ दे.”

ते तसंच रेकॉर्ड झालंय. मी ते काढू दिलेलं नाही.